आवाज येतो, पण कधी?

'इंजिनातून स्स्स असा आवाज येतोय' एवढंच सांगून गाडी गॅरेजात सोडली की पुढचं बिल नशिबावर. बिलोलीकराला हे जास्तच महाग पडतं. कंपनीचं सर्व्हिस सेंटर गाठायचं तर नरसी-नायगाववरून नांदेड, नाहीतर मांजरा ओलांडून बोधनमार्गे निजामाबाद. जाणता मेस्त्री मात्र बॉनेट उघडण्याआधी विचारतो, "आवाज कवा येतो? उभ्या गाडीत, रेस दिल्यावर, का बंद केल्यावर?" निम्मं निदान इथंच होतं.

कारण हा आवाज बहुतेकदा हवेचा किंवा वाफेचा असतो. जास्त दाबाकडून कमी दाबाकडं जाताना ती फटीतून सुसाटते. ती आत शिरतेय की बाहेर पडतेय, एवढं कळलं पाहिजे.

पेट्रोल गाडीत ती सहसा आत शिरते. गाडी उभी असताना थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते, पिस्टन मात्र हवा ओढतच असतात. त्यामुळं इनटेक मॅनिफोल्डमध्ये दाब फार खाली येतो. वातावरणाचा दाब समुद्रसपाटीला पाऱ्याचा ७६ सेंटिमीटर उंच स्तंभ पेलतो. धडधाकट इंजिन आयडलला त्यातली ४५ ते ५५ सेंटिमीटरची ओढ तयार करतं. एवढ्या ओढीला होजची बारीक चीरही पुरते. चिरेतून शिरलेली हवा सेन्सरच्या हिशेबात नसते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, आयडल वर-खाली होतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. रेस दिली की झडप उघडते, ओढ कमी होते आणि आवाजही विरतो. म्हणून 'उभ्या गाडीत येतो, रेस दिली की जातो' असं गिऱ्हाईक म्हणालं, की हात आधी रबरी नळ्यांकडं जायला हवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, त्यात इंजिनाची धग मिळून, हे रबर कडक होऊन तडकतं. उरलेलं काम उंदीर करतात. शेताकडेला चार दिवस उभी राहिलेली गाडी त्यांना आयतं घर असते.

चीर नेमकी कुठं, हे शोधायला हातभर जुना होज पुरतो. एक टोक कानाशी, दुसरं नळीच्या जोडाजोडांवर फिरवायचं. फ्रेंच डॉक्टर लेनेक यांनी १८१६ साली कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीवर ठेवली आणि त्यातून स्टेथोस्कोप आला; मेस्त्रीचा होज त्याच घराण्यातला. फक्त पंखा आणि बेल्टपासून बाही अन् गमछा दूर ठेवा. संशयाच्या जागी साबणाचं पाणी शिंपडलं तर फट क्षणभर बुजते आणि आवाज बदलतो. काही जण यासाठी पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारतात. तापलेला एक्झॉस्ट वीतभर अंतरावर असताना हा उद्योग मला तरी शहाणपणाचा वाटत नाही. स्कॅनर लावला तर 'मिश्रण पातळ' असा कोड मिळेल, पण हवा कुठून शिरते ते तो सांगत नाही. शहरातल्या मोठ्या गॅरेजात इनटेकमध्ये धूर भरून गळती पकडतात. धूर जिथून डोकावतो, तिथं चीर.

टर्बोच्या डिझेल गाडीत गोष्ट उलटी. एक्झॉस्टच्या जोरावर हवा दाबून भरायच्या या युक्तीचं पेटंट स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूची यांनी १९०५ मध्ये घेतलं होतं. इथं आवाज उभ्या गाडीत जवळजवळ नसतो; भरलेली गाडी चढाला लागली, पाय दाबला, की येतो. दाबलेली हवा वाटेतच बाहेर पडते, डिझेल पूर्ण जळत नाही, काळा धूर निघतो आणि गाडी पिकअप घेईनाशी होते. अशा वेळी 'टर्बो गेला' हा निकाल फार लवकर लागतो. आधी इंटरकूलरच्या जाड होजला हात लावून बघा. हवेबरोबर थोडी ऑइलची वाफ येतच असते. गळतीच्या जागी ती बाहेर झिरपते आणि त्यावर आपल्या रस्त्यांची धूळ बसून काळा चिकट डाग पडतो. एरवी शिव्या खाणारी धूळ इथं बोट दाखवून देते. होज फाटलेला नसेल तर टोक पुसून नीट बसवायचं आणि क्लिप आवळायची, बास.

ब्रेक दाबल्यावर पायाशी फुसफुस आणि पेडल दगडासारखं घट्ट, असं असेल तर ब्रेक बूस्टर किंवा त्याची नळी गेली. ती गाडी चालवत नांदेडला नेऊ नका, मेस्त्रीलाच बोलवा.

इंजिन बंद केल्यावर एसीचा गॅस आतल्या आत दाब सारखा करतो, तेव्हा मिनिट-दोन मिनिटं सूं ऐकू येतं. त्यात बिघाड नाही. मात्र सोबत गोडसर वास किंवा वाफ असेल तर कूलंट गळतोय. रेडिएटरचं टोपण साधारण एक बार दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. गरम असताना टोपण फिरवलं की दाब सुटतो, पाणी एकदम उकळून तोंडावर येतं. वरचा होज हातात सहज धरता येईल इतका निवेपर्यंत थांबा. मग टोपणाची रबरी रिंग तपासा. ती कडक झाली असेल तर नवं टोपण घ्या, पण जुन्यावर ०.९ किंवा १.१ असा जो आकडा छापलाय तोच बघून. जास्त आकड्याचं लावलं तर जुना होज फुटायचा.