इर्ल्याचं तेल, शिंपोलीचा साबण

बोरिवलीच्या शिंपोलीतलं कोरा केंद्र बहुतेकांना नवरात्रातल्या गरब्यामुळे माहीत असतं. त्या मैदानामागे सी. बी. कोरा ग्रामोद्योग संस्था आहे, ती खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची आहे आणि तिथे साबण, फिनाइल, अगरबत्ती करायला शिकवतात, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. मला हे समजलं तेव्हापासून साबणाच्या इतिहासाने जी पकड घेतली ती आजवर सुटलेली नाही. आयोगाचं मुख्यालय 'ग्रामोदय' विलेपार्ल्यात इर्ला रोडवर. हिंदुस्थान लीव्हरचं संशोधन केंद्र १९६७ साली अंधेरीला, चकाल्यात उघडलं. गोदरेज विक्रोळीला. आपल्या मुंबईच्या उपनगरांतल्या या सगळ्यांपुढे प्रश्न एकच होता: साबणाला तेल कोणतं घ्यायचं?

सुरुवात गोदरेजपासून करू. वकिली सोडून कुलुपांच्या धंद्यात आलेल्या अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ साली 'चावी' हा चरबीविरहित साबण बाजारात आणला. वनस्पती तेलापासून बनलेला जगातला पहिला साबण असं त्याचं वर्णन आजही केलं जातं. ते मला पटत नाही. अलेप्पोत ऑलिव्हच्या तेलाचा साबण शतकानुशतकं होत होता आणि फ्रान्समध्ये १६८८च्या राजाज्ञेने मार्सेयच्या साबणात प्राण्यांची चरबी घालायलाच बंदी केली होती. अर्देशीर यांचा मोठेपणा वेगळ्या गोष्टीत आहे. विलायती साबणात चरबी असते म्हणून ज्या घरांत तो शिवायचा नाही असा दंडक होता, तिथे त्यांनी कारखान्यातला साबण पोचवला. टिळक स्वराज्य फंडाला तीन लाख रुपये देणाऱ्या माणसासाठी स्वदेशी हा नुसता जाहिरातीचा मुद्दा नव्हता.

पण खोबरेल आणि शेंगदाण्याचं तेल साबणात घालायचं तर माणसाच्या ताटातलं तेल मोरीत जातं. हा आक्षेप सर्वांत नेटाने लावून धरला तो वर्ध्याच्या मगनवाडीने. मगनवाडीत ठाणं असलेल्या, १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा हे मुंबईत लेखापरीक्षणाचा व्यवसाय केलेले, कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले गृहस्थ. त्यांच्या बरोबरीचे झवेरभाई पटेल यांचं नाव तर आता कुणी घेत नाही. वर्धा घाणी त्यांची. बैलाला कमी ओढ पडावी आणि तेलाचा उतारा वाढावा म्हणून लाकडी घाणीचा एकेक भाग त्यांनी तपासून सुधारला. खाद्यतेल पोटासाठी ठेवा आणि झाडाखाली कुजणारी कडुनिंबाची, करंजाची, मोहाची बी साबणाला वापरा, अशी या मंडळींची भूमिका होती. १९५७ साली खादी आयोग स्थापन झाला आणि त्याच्या उद्योगांत 'अखाद्य तेलं व साबण' हा स्वतंत्र उद्योग आला, त्याची मुळं इथे आहेत.

बोलायला सोपं, करायला महाकठीण असं हे काम होतं. कडुनिंबाच्या तेलाला गंधकाच्या संयुगांचा उग्र दर्प, रंग काळपट. करंजाचा साबण मऊ पडतो आणि पाण्यात ठेवला की विरघळत जातो. वडीला कडकपणा देणारी आम्लं चरबीत भरपूर, भरघोस फेस देणारी खोबरेलात. मग मिश्रण करायचं, आणि इथे मापाला फार महत्त्व येतं. एक किलो खोबरेलाचा साबण व्हायला सुमारे १८० ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, तर तेवढ्याच कडुनिंबाच्या तेलाला १४० ग्रॅमच्या आत. तेल बदललं आणि सोडा तोच ठेवला, तर उरलेला सोडा कातडी जाळतो. म्हणून जाणकार हिशेबापेक्षा पाचेक टक्के सोडा कमीच घालतात. थोडं तेल मोकळं राहिलेलं परवडतं. 'केमिकलविरहित घरगुती साबण' असं लिहिलेली वडी हातात आली की मला हा हिशेब आठवतो. सोडा किंवा राखेतला खार यांच्याशिवाय साबण होतच नाही. खरेपणाने लिहायचं तर 'मोजून केलेला' असं लिहावं.

पुढे काळाने मगनवाडीचं म्हणणं कारखानदारांच्या गळी उतरवलं. साबणासाठी येणारी परदेशी गाईची चरबी वनस्पती तुपात मिसळली जाते हे उघड झाल्यावर देशभर गदारोळ उठला आणि १९८३ साली सरकारने चरबीची आयातच बंद केली. अखाद्य आणि दुय्यम तेलं वापरणाऱ्यांना अबकारी सवलत होतीच. चकाल्याच्या प्रयोगशाळेनेही सालवृक्ष, कडुनिंब, भाताचा कोंडा यांच्या तेलांवर काम केलं. मगनवाडीने जे बैलघाणीवर मांडलं, त्याच दिशेला मोठी कंपनी येऊन पोचली, हे मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत समाधानाचं पान वाटतं.

आता स्वयंपाकघर. गॅस आला आणि राख गेली. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, खरकट्याच्या तेलाशी त्याचा थोडा साबण होतो, म्हणून राखेने भांडी निघायची. चिंचेतलं टार्टरिक आम्ल तांब्यावरचा काळा थर विरघळवतं, मीठ त्याला हातभार लावतं. दिवाळीआधी देव घासताना आजही हेच होतं.

नव्याने आलं आहे ते सालींचं बायोएन्झाइम. रोज १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्या किंवा २०,००० चौरस मीटरहून मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, असा आग्रह महापालिकेने २०१७ साली धरला. मुलुंडची कचराभूमी २०१८मध्ये बंद झाली. गांडूळखताला न मानवणाऱ्या मोसंबी-लिंबांच्या सालींचं काय करायचं, याचं उत्तर थायलंडच्या डॉ. रोसुकोन यांच्या कृतीत मिळालं: एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने. पहिला महिना बाटलीचं झाकण रोज सैल करून वायू सोडायचा, नाहीतर बाटली फुटते. या पाण्याला चमत्कार समजू नये. त्याचा बराचसा गुण आंबण्यातून झालेल्या सौम्य आम्लाचा आहे.

उपनगरांत हे आम्ल उपयोगी पडतं त्याला कारण आहे. तलावांचं पाणी मृदू, पण अनेक सोसायट्यांना बोअरवेलचं आणि टँकरचं जड पाणीही घ्यावं लागतं. नळावर पांढरे थर चढतात ते चुन्याचे; ते सालींच्या पाण्याने, लिंबाने निघतात. जड पाण्यात साबणाचा साका होतो, रिठ्याचा होत नाही, कारण रिठ्यातलं सॅपोनिन कॅल्शियमशी जुळून खाली बसत नाही. सात-आठ रिठे फोडून काळ्या बिया काढायच्या, टरफलं रात्रभर भिजवायची, सकाळी उकळून गाळायची. हे पाणी दोन-तीन दिवसांत वापरून टाकावं, टिकत नाही. तेलकट कढईला ते पुरणार नाही. रेशमी साडीला आणि सोन्याला उत्तम.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र ओतून येणारा फेस मात्र फुकट आहे. दोघं एकमेकांना मारतात, उरतं जवळजवळ नुसतं पाणी. एकेकटे वापरा. संगमरवराला आणि कडाप्प्याला कुठलंही आम्ल लावू नका. आणि ब्लीचमध्ये आम्ल कधीच मिसळू नका. त्यातून क्लोरिन वायू सुटतो, आणि आपली बाथरूम लहान असतात.

खादी आयोगाला एक विनंती. कडुनिंब, करंज, रिठा यांची मापं सोप्या मराठीत छापा, आणि कोरा केंद्रात उपनगरातल्या घरांसाठी सुट्टीच्या दिवशी वर्ग भरवा. अंधेरी ते बोरिवली, घाटकोपर ते मुलुंड, या वर्गाला माणसं येतील.