दम लागला म्हणजे दमाच असे नाही!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या चाळीत तळमजल्यावर राहणारे एक काका रात्री दोनच्या सुमारास धडपडत उठले आणि खिडकीचे गज धरून उभे राहिले. श्वास पुरेना. छातीत घरघर, अंग घामाने चिंब, ओठ काळसर. काकूंच्या हाका ऐकून आम्ही चार-पाच जण धावलो.

कुणी म्हणाले, "दमा उसळलाय." कुणी छातीला बाम चोळू लागले. कुणी गरम दूध आणले, तर कुणी दृष्ट काढायला मीठ-मोहरी घेतली. आणि आम्ही काय केले? काकांना धरून आडवे केले. आडवे होताच ते जास्तच गुदमरले आणि आमचे हात झटकून पुन्हा उठून बसले. त्यांच्या शरीराला जे कळत होते, ते आम्हा शिकल्यासवरल्या माणसांना कळत नव्हते.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची नर्सिंग शिकणारी मुलगी खाली आली. "काकांना झोपवू नका. खुर्चीत बसवा, पाय खाली सोडा. तोंडात काही घालू नका. १०८ ला फोन लावा." त्या पोरीच्या चार वाक्यांनी काका वाचले. दवाखान्यात कळले, की हा दमा नव्हताच. हृदय कमी पडले होते आणि फुप्फुसात पाणी साठले होते. इंग्रजीत याला 'अ‍ॅक्यूट हार्ट फेल्युअर' म्हणतात.

हे होते कसे?

आम्ही कारकुनी करणारी माणसे, आम्हाला जमा-खर्चाची भाषा लवकर समजते. हृदय हा पंप आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. जेवढे आत येते, तेवढे बाहेर गेले पाहिजे. हृदयाची डावी बाजू कमी पडली, की रक्त मागे फुप्फुसात तुंबते आणि त्यातले पाणी झिरपून हवेच्या जागेत शिरते. माणूस आडवा झाला, की पायांकडचे रक्तही छातीकडे येते आणि भार वाढतो. म्हणूनच हा दम बहुधा रात्री झोपेत उठवतो. उजवी बाजू कमी पडली, की पाय सुजतात, पोट फुगते.

हार्ट अ‍ॅटॅक आणि हार्ट फेल्युअर एक नव्हेत. अ‍ॅटॅकमध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा येतो. फेल्युअरमध्ये हृदयाची ताकद कमी पडते. मात्र अ‍ॅटॅकमुळे फेल्युअर होऊ शकते. याखेरीज वर्षानुवर्षे अंगावर काढलेले ब्लडप्रेशर, मधुमेह, दारू, मूत्रपिंडाचा आजार, तीव्र रक्तक्षय हीही कारणे आहेत. लहानपणी सांधेतापाने खराब झालेली हृदयाची झडप हे आपल्या दाटीवाटीच्या वस्त्यांतले जुने कारण. बाळंतपणाच्या आगेमागेही एखाद्या बाईला हा त्रास होतो. बाळंतिणीला झोपल्यावर दम लागत असेल, तर 'अशक्तपणा आहे' म्हणून गप्प बसू नये.

काकांचे काय झाले होते? बरे वाटते म्हणून ब्लडप्रेशरच्या गोळ्या तीन आठवडे बंद. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या रोज दोन. या गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात. त्यात चार दिवस जेवणात सुकट आणि लोणचे. हिशेब चुकला आणि पाणी छातीत चढले.

दवाखान्यात काय करतात?

रुग्णाला बसते ठेवतात. रक्तात प्राणवायू कमी असेल तर ऑक्सिजन देतात. गरज पडल्यास दाबाने हवा देणारा मास्क लावतात. साठलेले पाणी लघवीवाटे काढण्यासाठी शिरेतून फ्युरोसेमाइडचे इंजेक्शन देतात. ब्लडप्रेशर चढलेले असेल तर नायट्रोग्लिसरीनने रक्तवाहिन्या सैल करतात. ते फारच उतरले असेल, तर उपचार वेगळे असतात. म्हणून जिभेखालची गोळी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून देऊ नये. बरोबरीने ईसीजी, छातीचा एक्स-रे, रक्त आणि टूडी इको या तपासण्या होतात. दम का उसळला, हे शोधल्याशिवाय उपचार पुरा होत नाही.

घरी आल्यावर

खरी परीक्षा इथे असते. दम थांबला म्हणजे आजार गेला असे नव्हे. हृदयाचा भार हलका ठेवणाऱ्या गोळ्या बहुधा कायम घ्याव्या लागतात. पैशाची ओढ असेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. जनऔषधी केंद्रात अनेक गोळ्या स्वस्तात मिळतात. पण मनाने एकही गोळी बंद करू नये.

काकूंनी आता एक वही केली आहे. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, काकांचे वजन लिहितात. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढले, की ती चरबी नव्हे, पाणी आहे. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. पाय सुजू लागले किंवा एका उशीच्या दोन उशा लागू लागल्या, तरी तेच. पापड, लोणचे, फरसाण, सुके बोंबील बंद. जेवताना वरून मीठ नाही. पाणी किती प्यावे हे डॉक्टरांना विचारावे. तंबाखू आणि दारू सोडावी.

खर्चाची भीती

मध्यरात्री पाय अडखळतो तो खर्चाच्या भीतीने. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून मोफत आहे. सरकारी रुग्णालयाचा दरवाजा रात्रीही उघडा असतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या निर्णयातून आलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. तातडीच्या रुग्णाकडे अनामत रक्कम मागायची नाही, असेही त्यात आहे. हा उपकार नव्हे, हक्क आहे. तो मागायला लाजू नये. रेशनकार्ड, आधारकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि जुने केसपेपर एका पिशवीत घालून दाराजवळ टांगून ठेवावेत.

काका नवव्या दिवशी घरी आले. आज ते सकाळी नातवाला शाळेत सोडायला जातात. त्या रात्री आम्ही सहानुभूतीने जे केले, त्याने ते दगावलेही असते, हे आठवले की आजही आमच्या अंगावर काटा येतो. नुसती माया पुरत नाही, माहितीही लागते. म्हणून बंधू-भगिनींनो, हा लेख घरात मोठ्याने वाचून दाखवा आणि एवढे तरी पाठ करा : दम उसळला, तर बसवा, पाय खाली सोडा, १०८ लावा. सकाळची वाट पाहू नका.