शिकवा, पण सल्ला जपून

पैशाचे व्यवहार शिकवायला बी.एड. लागत नाही. चक्रवाढ व्याज, विम्याची कलमं, कर्जाचा हप्ता कसा ठरतो हे कोणीही खुशाल शिकवावं. पण फी घेऊन 'तुम्ही अमुक फंडात पैसे टाका' असं सांगितलं, की तो गुंतवणूक सल्ला ठरतो आणि सेबीच्या 2013च्या नियमांनुसार त्यासाठी नोंदणी लागते. अनेक 'गुरू' नेमके इथेच घसरतात. हे शिकवणं नीट शिकायचं असेल, तर शाळेतल्या शिक्षकांसाठी 'एफईटीपी' हा आर्थिक शिक्षणाचा प्रशिक्षण कार्यक्रम आहे. तो चालवणाऱ्या एनसीएफई या राष्ट्रीय आर्थिक शिक्षण केंद्रामागे रिझर्व्ह बँक, सेबी आणि विमा व पेन्शन क्षेत्रांचे नियामक उभे आहेत. वर्ग फुकट असेल आणि शेवटी फॉर्म पुढे आला, तर सही करण्याआधी शिकवणाऱ्याला कमिशन किती मिळतं, ते विचारा.