हायलक्सचे टायर बदलताय? आधी एवढं बघा

टोयोटा हायलक्सच्या १८ इंची रिमवर कंपनीचा टायर येतो २६५/६० आर१८. म्हणजे रुंदी २६५ मिमी आणि साइडवॉलची उंची तिच्या ६० टक्के, साधारण १५९ मिमी.

🔹 दगडधोंड्यांत जास्त जात असाल तर १७ इंची रिमवर २६५/६५ आर१७ घ्या. एकूण व्यास जवळपास तेवढाच (सुमारे ७७६ मिमी), म्हणून स्पीडोमीटर फारसा चुकत नाही. साइडवॉल मात्र १३ मिमी वाढते, धक्के कमी बसतात.

🔹 एचटी (हायवे टेरेन) टायर डांबरी रस्त्यासाठी, एमटी (मड टेरेन) चिखलासाठी. एमटी हायवेवर घोंघावतो आणि डिझेलही जास्त पितो. आठवडाभर शहर आणि पावसाळ्यात घाट-कच्चा रस्ता असं असेल, तर एटी (ऑल टेरेन) पुरे.

🔹 लोड इंडेक्स कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको. ११० म्हणजे एका टायरला १०६० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो.

🔹 साइडवॉलवरचा चार आकडी कोड वाचा. २३२५ म्हणजे टायर २०२५ च्या २३व्या आठवड्यात बनलेला. दुकानात पडून जुना झालेला माल घेऊ नका.

🔹 चारही टायर एकदम बदला. पार्ट-टाइम फोर-व्हीलमध्ये मधला डिफरन्शियल नसतो. पुढच्या-मागच्या टायरांचा व्यास वेगळा असेल, तर ४एच (फोर-व्हील हाय) लावल्यावर सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो.

स्टेपनीही त्याच मापाची ठेवा आणि रोटेशनमध्ये घ्या.

तुमच्या गाडीला सध्या कुठले टायर आहेत? कॉमेंटमध्ये मापासकट लिहा 👇