सैनिकांच्या पोटातून मुळांच्या गाठीत

वाशिमच्या काळ्या रानात तूर किंवा सोयाबीन उपटलं की मुळांवर गाठी दिसतात, आणि त्या पाहून शेतकऱ्याला बरं वाटतं. बहुतेक वेळा त्या रायझोबियम जिवाणूंच्या असतात: मुळाच्या कडेला चिकटलेल्या, नखाने सहज निघणाऱ्या, फोडल्या तर आतून गुलाबी. पण मूळच जागोजागी सुजलं असेल आणि गाठ खरडून निघत नसेल, तर आत मेलॉयडोगायनी नावाचा सूत्रकृमी आहे. टोमॅटो, वांगी, हळद, डाळिंब, सगळं त्याला चालतं.

या सूत्रकृमीच्या नामकरणाचा इतिहास मला वर्षानुवर्षं सोडत नाही. १८५५ साली बर्कलीने इंग्लंडमध्ये काचघरातल्या काकडीवर गाठी नोंदवल्या, १८८७त गोल्डीने ब्राझीलच्या कॉफीवरून प्रजातीला नाव दिलं, १९०१त बार्बरने दक्षिण भारतात चहाच्या मुळांवर तो पाहिला. खरी गंमत १९१९ची. कोफॉइड आणि व्हाइट यांना अमेरिकी सैनिकांच्या शौचात कृमीची अंडी सापडली. माणसाच्या आतड्यातला नवा परजीवी समजून, केवळ अंड्यांवरून, त्यांनी नाव दिलं ऑक्झियुरिस इन्कॉग्निटा. १९२३त सँडग्राउंडने उलगडा केला: ही अंडी पिकाच्या मुळांतल्या कृमीची. सैनिकांनी खाल्लेल्या भाजीबरोबर ती पोटात गेली आणि जशीच्या तशी बाहेर पडली. कोफॉइडला हसणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्याने पाहिलेलं नेमकं छापलं, म्हणूनच दुसऱ्याला ते ताडून पाहता आलं.

तोवर गाठी करणारे सगळे कृमी एकाच नावाखाली कोंबले जात. १९४९त चिटवुडने त्यांच्या जाती वेगळ्या केल्या, आणि जुनं जातिनाम राखण्याच्या नियमाने ‘इन्कॉग्निटा’ टिकलं. जाती ओळखण्याचा आधार होता मादीचा मागचा भाग. नासपतीसारख्या फुगलेल्या मादीच्या गुदद्वाराभोवती त्वचेवर सुरकुत्या असतात. इन्कॉग्निटात त्यांची कमान उंच आणि चौकोनी, जावानिका जातीत दोन्ही बाजूंना स्पष्ट रेषा, हॅप्ला जातीत शेपटीच्या टोकाजवळ बारीक ठिपके.

या कृमीचं पिल्लू जेमतेम ०.४ मिलिमीटरचं. तोंडात पोकळ सुई, मागे झडपेचा स्नायुगोल, त्यामागे लाळग्रंथी. मुळाच्या टोकातून ते शिरतं आणि लाळेने काही पेशींना अवाढव्य, अनेक केंद्रकांच्या करून टाकतं. मादी मग त्यांच्यावरच जगते, जागा सोडत नाही आणि चिकट पिशवीत शेकडो अंडी घालते. इन्कॉग्निटाला त्यासाठी नरही लागत नाही.

मादीच्या सुरकुत्यांवरून जात कळते, आणि जातीवर पिकांची फेरपालट ठरते. इन्कॉग्निटा भुईमुगावर वाढत नाही; अरेनॅरिया जातीच्या एका वंशाला मात्र भुईमूग चांगला मानवतो. म्हणून ‘सूत्रकृमी आहे’ एवढ्या निदानावर औषध विकणं मला अपुरं वाटतं. गाठीचं मूळ ओलसर मातीसकट पिशवीत बांधा, उन्हात ठेवू नका, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात न्या आणि जात कोणती, ते विचारा.