तळ्यावरचे तपकिरी आभाळ

मुलाच्या नव्या घरी राहायला आलेले एक निवृत्त चित्रकला शिक्षक रोज सकाळी सलीम अली सरोवराचे चित्र काढीत. तळ्याचे पाणी हिरवट असते हे मान्य. पण आभाळही तपकिरी? सुनेला शंका आली आणि ती त्यांना माझ्याकडे घेऊन आली.

वाचकहो, फ्रेंच चित्रकार क्लोद मोने १८८३ मध्ये झिव्हर्नी गावी स्थायिक झाला आणि घराजवळचे कमळतळे आयुष्यभर रंगवीत राहिला. १९१२ मध्ये त्याला मोतीबिंदू असल्याचे निदान झाले. भीतीपोटी त्याने शस्त्रक्रिया टाळली. ती झाली १९२३ मध्ये, वयाच्या ८२व्या वर्षी. दरम्यान त्याच्या चित्रांतला निळा रंग हरवत गेला.

मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग पिवळट-तपकिरी होते व निळा प्रकाश अडवते. हे इतके सावकाश घडते की रुग्णाला जाणवतच नाही. म्हणून घरच्यांनी लक्ष ठेवावे: दिव्याभोवती वलये दिसणे, चष्म्याचा नंबर वारंवार बदलणे, पायरी चुकणे. नवख्या घरात तर पायरी चुकली की खुब्याचे हाड मोडण्याचे भय. मधुमेह असल्यास नेत्रपटलही तपासून घ्यावे.

आमच्या शिक्षकांच्या उजव्या डोळ्यात कृत्रिम भिंग बसले आहे. जुनी चित्रे पाहून ते सुनेवरच रागावले, ‘आधी का नाही सांगितलेस?’ डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यातली आहे.