जपानला निघालात? थोडे थांबा!

परदेशाहून परतलेल्या माणसाला दोन मोह आवरत नाहीत. भेटेल त्याला फोटो दाखवणे हा पहिला आणि कुणी न विचारता सल्ला देणे हा दुसरा. पहिल्या मोहापायी आमच्या सोसायटीतली निम्मी मंडळी हल्ली मला पाहिले की वाट बदलतात. तेव्हा दुसऱ्याची हौस या दिवाळी अंकात भागवून घेते.

२०२४ च्या नोव्हेंबरात आम्ही दोघे सोळा दिवस जपानला जाऊन आलो. दोघे म्हणजे मी, निवृत्त शिक्षिका, आणि आमचे हे, बँकेतून निवृत्त झालेले. बरोबर ना सहलीची कंपनी, ना मुलगा-सून. ह्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. जेवणाआधी इन्शुलिन टोचून घ्यावे लागते. त्याखेरीज आणखी एक जुनाट विकार आहे, तो टिपणवहीचा. खिशातल्या निळ्या वहीत हे सारे काही लिहितात. दुधाचा हिशेब, रिक्षाचा नंबर, पाहुणे किती वाजता आले आणि (मुख्य म्हणजे) किती वाजता गेले! या वहीची मी पस्तीस वर्षे थट्टा केली. तोक्योतल्या एका दुपारी ती थट्टा माझ्याच अंगावर आली. ती हकिकत पुढे येईलच. आधी कामाच्या गोष्टी.

पहिली गोष्ट कागदपत्रांची. भारतीयांना जपानचा व्हिसा लागतो. एप्रिल २०२४ पासून पर्यटकांना तो इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळू लागला. ह्यांनी त्याच्या तीन छापील प्रती काढल्या, एकीला प्लास्टिकचे कव्हरसुद्धा घातले. पण हा व्हिसा विमानतळावर मोबाईलच्या पडद्यावर, तोही इंटरनेट चालू ठेवून दाखवावा लागतो. छापील प्रत किंवा पडद्याचा टिपलेला फोटो चालत नाही. तेव्हा मोबाईल भरपूर चार्ज करून उतरा. पासपोर्ट मात्र हॉटेलात ठेवून फिरू नका. परदेशी पर्यटकाने तो सदैव जवळ बाळगावा, असा तिथला कायदाच आहे.

दुसरी गोष्ट औषधांची, आणि आपल्या वयाच्या मंडळींनी ही नीट वाचावी. डॉक्टरांनी लिहून दिलेली सर्वसाधारण औषधे एक महिना पुरतील इतकी नेता येतात. इन्शुलिनसारखी स्वतः टोचून घ्यायची इंजेक्शनेही तितकीच. त्याहून अधिक न्यायची तर निघण्यापूर्वी जपान सरकारकडून परवानगी काढावी लागते. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते. त्याचे प्रमाण शेकडा दहाहून अधिक असेल तर त्या गोळ्यांना तिथे सक्त मनाई आहे. कोडीनवरही कडक निर्बंध आहेत. म्हणून घरातला औषधांचा डबा आहे तसा बॅगेत उपडा करू नका. डॉक्टरांचे इंग्रजी पत्र घ्या, औषधे मूळ वेष्टनातच ठेवा. इन्शुलिन विमानात आपल्या हातातल्या पिशवीत हवे. खाली सामानाच्या कप्प्यात ते गोठून वाया जाऊ शकते.

विजेचेही ऐकून ठेवा. आपल्याकडे २३० व्होल्ट, तिथे १००. प्लगला दोन चपट्या पट्ट्या असतात. मोबाईलचे चार्जर बहुधा साध्या जोडणीने चालतात, पण घरची पाणी तापवायची किटली नेलीत तर चहाची वाट पाहत बसाल.

आता पैसे. कार्डे पुष्कळ ठिकाणी चालतात, तरी छोटी उपाहारगृहे, देवळे आणि काही बसगाड्या यांच्यासाठी रोख येन जवळ हवेतच. रेल्वेसाठी ‘सुइका’ किंवा ‘पास्मो’ नावाचे कार्ड घ्यावे. फाटकाला टेकवले की आत, उतरल्यावर पुन्हा टेकवले की बाहेर. भाडे आपोआप वळते होते. कोपऱ्यावरच्या दुकानात पाण्याची बाटलीही त्यावर मिळते. स्थानकातल्या यंत्रात या कार्डात पैसे भरायला मात्र बहुधा रोखच लागते.

‘सगळ्या रेल्वेगाड्यांचा पास काढा, स्वस्त पडतो’ असे आम्हाला चौघांनी सांगितले होते. तो जुना सल्ला! ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या पासाची किंमत २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन झाली. तोक्यो ते क्योतो बुलेट ट्रेनचे एका बाजूचे तिकीट सुमारे १४,००० येन. म्हणजे नुसते जाऊन यायचे असेल तर सुटी तिकिटेच परवडतात. हा हिशेब निळ्या वहीतला आहे, तेव्हा चूक निघायची नाही.

ही बुलेट ट्रेन, म्हणजे शिन्कान्सेन, १ ऑक्टोबर १९६४ ला तोक्यो आणि ओसाका यांच्या दरम्यान सुरू झाली. तिच्यात आपल्यासारखे ट्रंका, वळकट्या आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन चढता येत नाही. बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरहून जास्त झाली, तर या मार्गावर तिच्यासाठी खास जागेचे आरक्षण आधी करावे लागते. त्याहून सोपी युक्ती अशी, की मोठ्या बॅगा हॉटेलातूनच ‘ताक्क्युबिन’ या घरपोच सामान-सेवेने पुढच्या गावी रवाना कराव्यात. तोक्योहून क्योतोला त्या बहुधा दुसऱ्या दिवशी पोचतात. आपण मात्र एका दिवसाचे कपडे आणि औषधे हातात ठेवावीत.

शाकाहारी माणसाची तिथली अडचण मासे पाहून कळत नाही. ती दिसत नाही, हीच अडचण! ‘दाशी’ नावाचे एक पाणी त्यांच्या बहुतेक सार-रस्स्यांच्या मुळाशी असते, आणि ते पुष्कळदा सुकवलेल्या माशाचे असते. त्यामुळे ‘मांस नको’ म्हटल्यावर वाडगा येतो, त्यात दिसायला नुसत्या भाज्या असतात, आणि आपण फसतो. मांस, मासे आणि माशाची दाशी यांतले काहीही चालत नाही, असे जपानी लिपीत छापलेले कार्ड जवळ ठेवा. बौद्ध मठांत ‘शोजिन र्योरी’ म्हणून शाकाहारी जेवण मिळते, ते क्योतोत अवश्य घ्या. घरची आठवण अनावर झाली तर तोक्योच्या निशी-कासाई भागात भारतीय वस्ती मोठी आहे. आणि शिंजुकुच्या ‘नाकामुराया’त क्रांतिकारक रासबिहारी बोस यांनी १९२७ मध्ये जपान्यांना शिकवलेली भारतीय करी अजून मिळते; मात्र ती कोंबडीची असते, हे लक्षात ठेवा. आमचे मेतकूट आणि दाण्याची चटणी सुखरूप पोचली. ताजी फळे, भाज्या आणि मांसाचे पदार्थ मात्र नेऊ नका. त्यांचे नियम फार कडक आहेत.

रीतीभाती फार अवघड नाहीत. आत जाताना चपला-बूट काढायचे, हे आपल्याला शिकवायला नको. फक्त मोजे फाटके नसावेत! गाडीत मोबाईलवर बोलायचे नाही. रस्त्यात कचऱ्याचे डबे फारसे दिसत नाहीत, म्हणून केळ्याचे साल दिवसभर पर्समध्ये बाळगायची तयारी ठेवावी. आणि बक्षिसी कुणाला देऊ नये. ती तिथे घेत नाहीत.

भाषेला घाबरू नका. शिक्षिकेचा स्वभाव जात नाही म्हणून सांगते, जपानी वाक्याची ठेवण मराठीसारखीच आहे. ‘तोक्यो नि इकिमासु’ म्हणजे ‘तोक्योला जाते’. ‘नि’ हा आपला ‘ला’, आणि क्रियापद शेवटी. त्यांची वर्णमाला अ, इ, उ, ए, ओ अशी सुरू होऊन पुढे ‘क’च्या ओळीवर जाते. हा क्रम आपल्याच वर्णमालेवरून बौद्ध भिक्षूंच्या हातून तिकडे गेला.

आता ती दुपार.

तोक्योत यामानोते नावाचा रेल्वेमार्ग शहराच्या मध्यभागाभोवती कड्यासारखा गोल फिरतो. तीस स्थानके, आणि पुरी फेरी व्हायला साधारण एक तास. तिसऱ्या दिवशी आम्ही तोक्यो स्थानकावर त्यात बसलो आणि उएनोला उतरलो. दार मिटले, गाडी हलली, आणि माझा हात खांद्याकडे गेला. पिशवी नव्हती! चढताना मी ती वरच्या फळीवर ठेवली होती. तिच्यात इन्शुलिनची सगळी पेने, सुया, साखर तपासायचे यंत्र, डॉक्टरांचे पत्र, सारे होते. ‘सगळे एकाच जागी असलेले बरे’ हा नियम माझा. घरात तो पस्तीस वर्षे चालला होता.

जेवायची वेळ झाली होती. माझे पाय थरथरू लागले. फलाटावरच्या गणवेशातल्या तरुण कर्मचाऱ्याकडे मी धावले आणि चक्क मराठीत म्हणाले, “अहो, औषध आहे हो त्यात ह्यांचे!” त्याने शांतपणे आपला मोबाईल पुढे केला. भाषांतरातून तीन प्रश्न आले. गाडी किती वाजताची? कितवा डबा? कितवे दार?

मला काय ठाऊक! डबा हिरव्या पट्ट्याचा होता, एवढेच मला आठवत होते; आणि त्या मार्गावरची प्रत्येक गाडी हिरव्या पट्ट्याची असते.

तेवढ्यात माझ्या मागून निळी वही पुढे आली. ‘११.४२ उएनो. डबा ७, दार ३.’ दाराजवळच्या चिठ्ठीवर हे आकडे छापलेले असतात. गाडीत हे ते उतरवून घेत होते तेव्हाच मी म्हणाले होते, “हे काय लिहिता? बाहेर बघा जरा!”

त्या मुलाने वही दोन्ही हातांनी घेतली, वाकून परत दिली आणि फोन उचलला. आम्हाला आत खुर्च्या दिल्या. हे मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते. थोड्या वेळाने एवढेच म्हणाले, “अगं, गाडी गोल फिरते. जाऊन जाऊन जाईल कुठे?” पण त्यांच्या बोटांतली पेन्सिल सारखी फिरत होती, ती मला दिसत होती.

सुमारे पंचवीस मिनिटांनी फोन वाजला. पिशवी इकेबुकुरो स्थानकावर उतरवून घेतली होती. तिथे गेलो, पासपोर्ट दाखवला, आत काय काय आहे ते सांगितले, सही केली. पिशवी जशीच्या तशी हाती आली. दीड वाजता ह्यांनी इन्शुलिन घेतले आणि मग आम्ही जेवलो. काय जेवलो ते मला आठवत नाही, वहीत असेल.

पिशवी मिळाली नसती तर? भारतातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जपानी औषधदुकानदार इन्शुलिन देऊ शकत नाही. तिथल्या डॉक्टरला दाखवावे लागते. त्यासाठी प्रवासाचा विमा हवाच, आणि तो काढताना जुने आजार लपवू नका. रुग्णवाहिकेसाठी ११९, पोलिसांसाठी ११० हे आकडे लिहून ठेवा. वस्तू रस्त्यात हरवली तर जवळच्या ‘कोबान’मध्ये, म्हणजे पोलीसचौकीत जा, हरवलेली वस्तू सापडली की चौकीत नेऊन देण्याची तिथल्या लोकांना सवय आहे. पण तो प्रामाणिकपणा कामाला यावा म्हणून आपल्याला वेळ, डबा, जागा सांगता आली पाहिजे. आणि सर्वांत मोठा सल्ला हा, की औषधे दोन पिशव्यांत विभागा. एक तुमच्याकडे, एक जोडीदाराकडे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा उएनोला गेलो. तिथल्या शिनोबाझु तळ्याच्या मध्यावर बेन्झाइतेनचे देऊळ आहे. बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती. बौद्ध धर्माबरोबर ती चीनमार्गे इथवर आली, आणि वीणेऐवजी तिच्या हाती जपानी बिवा आला. मी हात जोडले. शेजारी हे काहीतरी लिहीत होते. या वेळी मी ‘बाहेर बघा’ म्हणाले नाही.

परतताना स्थानकाजवळच्या दुकानातून माझ्यासाठी एक लाल वही घेतली. आता ती माझ्या पर्समध्ये असते. दुधाचा हिशेब मी अजून लिहीत नाही. पण रिक्षात बसले की नंबर मात्र लिहिते.